उदाहरण लागू नाही

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत उदाहरणाचं वाक्य टेबलावर बसून रचायचं नाही, असा नियम आहे. ते कुणीतरी खरंच बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं हवं. मग ते सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायचं आणि अर्थाला लागू पडतं का ते बघायचं. नियम मुख्य संपादकांचा. आम्ही त्यांना थोरले म्हणतो. नियमाच्या बाबतीत ते सख्ख्या बापाचंही ऐकायचे नाहीत.

त्या दिवशी ‘बदफैली’ शब्द निघाला. सकाळपासून थोरल्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन दोनदा येऊन गेला होता. नवऱ्याला सोडून ती एका घड्याळजीबरोबर राहत होती, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता. थोरल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दोघं कायमची परगावी जाणार होती आणि जाण्याआधी तिला एकदा भावाच्या घरी यायचं होतं. दोन्ही वेळा ‘साहेब कामात आहेत’ हे मीच सांगितलं. म्हणजे वाईटपणा माझ्या पदरी.

थोरल्यांनी अर्थ वाचला: ‘नीतीची चाड नसलेला, स्वतःच्या सुखापुढे कुणाचीही पर्वा न करणारा.’ मग वाक्य: ‘ती बदफैली आहे, तिचं नाव या घरात काढायचं नाही.’

"कोण बोललं?" मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. हे विचारावंच लागतं.

"मी."

कुणी मान वर केली नाही. बाईंचं काम मात्र एक घाव दोन तुकडे. "मग तिनं पर्वा कुणाची केली नाही?"

थोरले पेन्सिलीला टोक करत बसले. टोक चांगलं होतं.

"आईचं दुखणं तिनंच काढलं," ते शेवटी म्हणाले. "आईला उचलून खुर्चीत बसवायला तो घड्याळजी यायचा. मला कंबरेचा त्रास."

"म्हणजे वाक्य लागू पडत नाही."

"नाही पडत."

त्यांनी वाक्यावर काट मारली आणि दुसरं कुणाकडे आहे का, विचारलं. शब्द आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता, वापरलाही होता. वाक्य कुणी पुढे केलं नाही. मला थोरल्यांची कीव आली, आणि थोडी आमचीही.

फोन पुन्हा वाजला. मी हात पुढे करेपर्यंत थोरल्यांनी तो उचलला होता.

"हं, मीच बोलतोय," ते म्हणाले. मग बहिणीचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. "ये की. विचारतेस काय. आणि हे बघ, त्यांनाही घेऊन ये."