मराठीपुढचे दोन ठिपके

चारकोप गावातल्या महिला मंडळाला कुणीतरी सहा जुने कॉम्प्युटर दिले, तेव्हा शेवंती पहिल्याच वर्गाला हौसेने जाऊन बसली आणि दहाव्या मिनिटाला उठून आली. पडद्यावर सगळं इंग्रजी. तिच्यामागोमाग मासळी विकणाऱ्या बाकीच्या सात जणीही उठल्या. "मराठी लाव, मंग येव," तिने लेकीला बजावलं. "नाय लागली तर पुन्ना बोलवू नको."

लेक कल्पिता अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करायची. तिने छातीठोकपणे सांगून टाकलं, रविवारी चारला या, सगळं मराठीत दिसेल. आता रविवारचा दीड वाजला होता आणि काहीही दिसत नव्हतं.

बेत साधा होता. मराठी येणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधायची, तिची एकच तयार फाइल करायची आणि तीच सहाही मशीनमध्ये ओतायची. या फाइलला इमेज म्हणतात. ती बांधायला इंटरनेटवर एक आयती स्क्रिप्ट मिळाली होती, म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक काय काय करायचं त्याची आज्ञापत्रिकाच. स्क्रिप्ट वीस मिनिटं इमानेइतबारे चालायची आणि भाषांच्या यादीपाशी आली की मान टाकायची. म्हणे, तिसऱ्या ओळीत भाषेचा कोडच नाही.

यादीत ओळी तीनच. आधी भाषेचं नाव, मग दोन ठिपके, मग कोड. इंग्रजी आणि हिंदीच्या ओळी स्क्रिप्टबरोबरच आल्या होत्या. तिसरी, मराठीची, कल्पिताने स्वतः टाइप केलेली, त्यामुळे तिथे चूक असणं शक्यच नव्हतं. तिने आधी इंटरनेटला शिव्या घातल्या. मग कोड पुसून पुन्हा टाकला. मग स्क्रिप्ट नव्याने उतरवली आणि तिच्यात आपली तीच ओळ प्रेमाने उचलून चिकटवली.

अडीचला शेवंती बाजार आटोपून डोकावली. "इमेज म्हंजे फोटू ना गो?"

"तसंच काहीतरी."

"मंग एक फोटू काढाला येवढा येल? लगीन हाय काय?"

तीनला जयवंतकाका आले. वर्ग तेच घेणार होते. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेला माणूस, पण डोळे काही निवृत्त झाले नव्हते. कल्पिताच्या लग्नपत्रिकेतल्या सहा चुका त्यांनी भर मांडवात लाल पेनाने दाखवल्या होत्या.

"काका, प्लीज, आत्ता शुद्धलेखन नको," ती आधीच म्हणाली. "वाट लागलीय माझी."

"मी कुठे काय बोललो?" काका खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि अर्थातच बोलले. "मराठीला विसर्ग का दिलास?"

"कसला विसर्ग? कोलन आहे तो."

"हिंदीपुढचे ठिपके बघ, सुटे आहेत. हे अक्षराला बिलगलेत. अंतःकरणातला विसर्ग आहे हा, बाई. यापायी खिळे जुळवणाऱ्या दोन कंपोझिटरांशी मी बोलणं टाकलं होतं."

कल्पिताने वाकून पाहिलं आणि तिचे कान तापले. 'मराठी' हा शब्द तिने मराठी कीबोर्डवर लिहिला होता आणि त्याच ओघात ठिपकेही मराठीच पडले होते. माणसाला दोन्ही सारखेच. स्क्रिप्टला मात्र कोलन दिसलाच नव्हता आणि पुढचा कोडही तिने भाषेच्या नावातच जमा धरला होता.

"काका, तुम्ही ग्रेट आहात!"

"थोर म्हण," काका म्हणाले.

साडेतीनला इमेज बांधून झाली. चार वाजेपर्यंत ती जेमतेम एका मशीनमध्ये गेली होती, तोवर आठही जणी दारात. शेवंती त्या मशीनपुढे बसली, बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या. पडदा उजळला. 'भाषा निवडा', आणि खाली तीन नावं.

शेवंती बोट लावून एकेक अक्षर वाचत गेली. शेवटच्या नावापाशी बोट थांबलं. आता ही उठणार, कल्पिताला वाटलं.

"ही यादी तू लिवलीस?"

"हो."

"मराठी सगल्यांच्या खाली का टाकलीस? वर घे ती."

सगळ्या जणी हसल्या. काकांनी गंभीरपणे मान डोलावली. वर घ्यायची म्हणजे पुन्हा सगळी बांधणी, पुन्हा वीस मिनिटं. एरवी कल्पिता भडकली असती. पण नऊ वर्षांच्या नोकरीत आईने तिचं काम पहिल्यांदाच वाचून त्यात चूक काढली होती, आणि तिला इतका आनंद झाला की समोरचं नीट दिसेना.

"घेते वर," ती म्हणाली. "पण तू उठू नकोस हां."

"मी कशाला उठू?" शेवंतीने खुर्ची आणखी पुढे ओढली. "तू हात चालव. मना फुडचा वाचाचाय."