जयसिंगची पाळत

घोटावड्याच्या दूध संस्थेच्या सभेला जयसिंग इस्त्रीचा सदरा घालून, काखेत वही मारून आला. गेले चार महिने तो रोज पहाटे डेअरीसमोरच्या कट्ट्यावर बसून चेअरमन साळूबाईवर पाळत ठेवून होता. बाई हापिसात दिसली नाही की वहीत तारीख टाकायची. जमीन बंगलेवाल्यांना विकल्यापासून त्याला दुसरा उद्योगही नव्हता. दारात दोन म्हशी, त्याही बायकोच बघायची. आज साळूबाईला खुर्चीवरून उठवायचं आणि तिथं आपण बसायचं, असं त्यानं पक्कं केलं होतं. बरीच माणसं त्याच्या बाजूला झुकलीही होती, कारण खुर्ची रिकामी असते हे काही खोटं नव्हतं.

"मंडळी," तो खाकरून म्हणाला, "ही घ्या हजेरी. चार जून, चेअरमनबाई गैरहजर!"

"चार जून व्हय?" मागनं सिराज उठला. "माझी म्हस अडली व्हती. डॉक्टर यीस्तवर साळूआक्का गोठ्यातनं हालली न्हाई."

"बरं, ऱ्हाऊ दे. अकरा जून!"

"माज्या डोळ्याचं आपरेशन," कोंडाजी म्हातारा म्हणाला. "पोरगं कामावर. साळूनंच दवाखान्यात नेलं. वर घाबरतो म्हनून मलाच दटावलं."

सभेत हशा पिकला. जयसिंग मात्र इरेला पेटला होता. त्यानं तारीख वाचावी आणि कुणीतरी उठून उभं राहावं. वही याची आणि प्रचार साळूबाईचा, असा सगळा प्रकार! बाई बिचारी तोंडाला पदर लावून खाली बघत बसली होती.

अखेर एका तारखेला कुणीच उठेना.

"सव्वीस जुलै! सलग तीन दिस गैरहजर! आता बोला की, कुणाच्या घरी व्हत्या?"

जयसिंगनं मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून त्याचीच बायको सुलक्षणा उठली.

"आपल्या घरी," ती म्हणाली. "मी तापानं फणफणले व्हते, तुमी कट्ट्यावर. म्हशींची धार आक्कानंच काढली. तुमाला सांगू नको म्हनली. मानूस लाजंल म्हनली."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. जयसिंगला सदऱ्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. साळूबाईच्या विरोधात एकही हात वर झाला नाही.

तेव्हा कुठं बाई उठली. "हसू नका रं. त्याचं खरं हाय, हापिसात कुणीतरी बसाया पायजे. मला ते जमत न्हाई. जमीन गेल्यापासनं त्याला करमत न्हाई, हे बघितलं का कुणी? चार म्हैनं पहाटं हजर, एक दिस चुकला न्हाई. सेक्रेटरीची जागा रिकामी हाय. जयसिंगा, बसशील?"

जयसिंगनं वही मिटली. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो हापिसात हजर होता. रांगेतल्या पहिल्याच माणसानं आत डोकावून विचारलं, "चेअरमनबाई कुटं हायेत?"

"कामावर हायेत!" जयसिंग खेकसला. "तू किटली ठेव हितं."