एकेचाळीस इंच

सुनेच्या मांडीपासून फरशीवर सांडलेल्या दुधापर्यंत आजोबांनी टेप धरली.

“एकेचाळीस इंच.”

“बाबा, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मापं काय घेताय?” सून म्हणाली.

“पन्नास वर्षं शिंपीकाम केलंय. मोजल्याशिवाय मला काही कळत नाही. परवा सव्वीस होतं. चला दवाखान्यात.”

पाच आठवड्यांचा पैलवान ओकला की पुन्हा भुकेने मुठी चोखायचा. शेजारणी म्हणायच्या, सगळीच पोरं ओकतात. एकीने तर आईच्या दुधालाच नाव ठेवलं. तेव्हापासून सून भीत भीत, अर्धपोटीच जेवत होती.

“दूध ओघळतं की उडतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एकेचाळीस इंच,” आजोबा म्हणाले.

बाईंनी चमकून वर पाहिलं आणि लगेच सोनोग्राफी करायला सांगितली.

“पोटातून आतड्याकडे जायची वाट आवळली आहे,” नंतर त्या म्हणाल्या. “हजार बाळांत दोन-तीन जणांना होतं, मुलग्यांना जास्त. लहानसं ऑपरेशन केलं की वाट मोकळी. कधी कधी घराण्यात चालत येतं. तुमच्यात कुणाला होतं का?”

आजोबांच्या मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

आजोबा शर्टाची बटणं काढू लागले.

“बाबा, अहो, हे काय!” मुलगा दचकला.

पोटावर एक जुना, वेडावाकडा व्रण होता.

“तान्हेपणी दूध अडलं होतं म्हणे. तुझी आई असती तर तिनेच आठवण करून दिली असती. म्हणायची, कुणी शिवलंय हो हे? माझ्याकडे दिलं असतं तर सरळ टाका घातला असता.” ते सुनेकडे वळले. “तुझ्या दुधाचा काय दोष, पोरी? कापड आमच्याच ठाणातलं आहे.”

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पैलवान पोटभर प्यायला. आजोबांनी त्याला खांद्यावर घेतलं. ढेकर आली, मागोमाग थोडं दूध. सगळे थिजले.

आजोबांनी खांदा चाचपला.

“अर्धा इंच.”

सून खळखळून हसली आणि डबा उघडून जेवायला बसली.

तेवढ्यात नर्सने पट्टी बदलायला बाळाचं झबलं वर केलं. आजोबा चष्मा सावरून वाकले.

“टाका सरळ आहे गं,” ते पुटपुटले.

“मला काही म्हणालात, बाबा?”

“नाही. तू जेव.”