भात वेगळा

थांबा, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटतो. परवा समुद्रावर आमच्या दुहानदादाने शर्ट काढला आणि तुम्ही सगळ्याजणी एकदम गप्प झालात, ते मी बघितलं. छातीखालून बेंबीपर्यंत गेलेली ती खूण. तिचीच गोष्ट सांगते. आणि ती दादाच्या पोटापासूनच सुरू होते, म्हणजे तेव्हा जे पोट होतं ना, ते. टेबलाला आधी पोट लागायचं, मग दादा बसायचा.

आता आमचं दुकान तुम्हाला माहितीये. बुसानमध्ये रस्साभाताची दुकानं पैशाला पासरी, पण आमच्या बाबांचा हट्ट वेगळा. वाडग्यात भात घालायचा, वर उकळता रस्सा ओतायचा, तो परत पातेल्यात ओतून घ्यायचा, परत ओतायचा, परत काढायचा, भाताचं शीत न् शीत आतून गरम होईपर्यंत. मग वर डुकराच्या मटणाचे काप आणि कांद्याची पात. भात किती, कमी का जास्त, असलं काही गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. कोणी चुकून म्हणालं, "काका, भात वेगळा द्या ना," की बाबा डावाने समोरचं दुकान दाखवायचे. "तिकडे मिळतो वेगळा. इथे भात विचारून घालत नाहीत."

तर बाबांचं लिव्हर गेलं. जुना आजार होता, औषधं चालू होती, आणि त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता दुसरं लिव्हर लागणार. मेलेल्या माणसाचं मिळायची रांग इतकी लांब, की बाबांचा नंबर येईपर्यंत बाबा राहणार नाहीत. घरच्या कोणीतरी आपल्यातला तुकडा द्यायचा. आईला मधुमेह. माझी तपासणी केली तर माझं लिव्हर फारच छोटं, बाबांना पुरणार नाही. राहिला दादा. धडधाकट, बैलासारखा. आम्हाला वाटलं, झालं काम.

डॉक्टरीणबाईंनी दादाच्या लिव्हरचा फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, "तुमच्या लिव्हरमध्ये इतकी चरबी आहे, की हे अर्धं केलं तर दोघांपैकी कोणालाच पुरणार नाही. चरबी उतरवा. दारूचा थेंब नको. हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरत घालतात, त्या सुमाराला परत या. तेव्हाही असंच असेल, तर मी सुरी लावणार नाही."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "बोराम, मला भूक लागलीये." तो असाच आहे. घाबरला की त्याला भूक लागते.

आणि हे सगळं बाबांपासून लपवायचं. कारण बाबांनी आधीच घरात जाहीर केलं होतं, "माझ्या पोरांच्या अंगाला सुरी लागली, तर त्या दिवसापासून माझं औषध बंद." आणि बाबा बोलले की करतात. म्हणून आईने ठरवलं, आधी दादा पास होऊ दे, मग बघू.

आता दादा जेवत का नाही, याला कारण तर हवं. मीच फेकलं. "बाबा, दादाचं कुणाशीतरी जमलंय. तिला बारीक मुलगा हवाय." बाबा इतके खूश झाले की काय सांगू. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं. कोबीवाल्या मावश्या दादाला हाका मारायच्या, "ए नवरदेवा, गाल कुठे गेले तुझे?" आणि गाल तर जागच्या जागी होते हो. तेच तर दुःख होतं.

कारण दादाला जमतच नव्हतं. सकाळी उकडलेलं अंडं आणि काकडी, दुपारी कोबी, आणि दिवसभर तो उभा कुठे, तर मटणाच्या पातेल्यासमोर. पाच-सहा दिवस धड जायचे, मग कोसळायचा. एकदा भाजी आणायला म्हणून गेला तो परतच येईना. मी शोधायला गेले, तर मालसुन मावशीच्या पोळ्यांच्या गाडीमागे उकिडवा बसलेला, हातात गूळ आणि बिया भरलेली तळलेली गोड पोळी, आणि हनुवटीवर पाक.

मला बघून म्हणाला, "अर्धी तुझ्यासाठी ठेवली होती."

"कुठली अर्धी? हा तर नुसता कागद आहे."

मालसुन मावशी मला म्हणाली, "अगं, खाऊ दे गं. लग्नाआधी एवढा वाळला तर लग्नानंतर काय उरेल?"

मला रडू फुटलं. रागाने. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "दादा, तू पोळी खात नाहीयेस, तू बाबांना खातोयस." असं बोलायला नको होतं, मला माहितीये. दादाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि त्या दिवसापासून गोड पोळीच्या गल्लीतून जायचंच सोडलं त्याने. लांबच्या रस्त्याने जायचा. आणि हळूहळू, खरंच हळूहळू, पट्टा आत यायला लागला.

मग आलं आजोबांचं श्राद्ध.

आमच्याकडे संध्याकाळीच उरकतात हल्ली. नैवेद्य मांडला, वाकून नमस्कार झाले, आणि मग नैवेद्याची दारू घरच्यांनी वाटून घ्यायची. ती नाही म्हणता येत नाही. ती आजोबांनी दिलेली असते. बाबांना स्वतःला बंदी, म्हणून त्यांनी नुसतं ओठांना लावलं, आणि मग दादाने दोन्ही हातांनी धरलेल्या पेल्यात स्वतः ओतली. काठोकाठ.

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. थेंब नको म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई.

दादाने काय करावं? आपल्यात वडिलांसमोर पिताना तोंड फिरवतात ना, तसं त्याने अदबीने तोंड फिरवलं, भिंतीकडे, आणि पेला वर केला. मागून बघणाऱ्याला वाटावं, प्यायला. पण त्याने ती दारू हळूच बाहीत ओतली होती. मला दिसलं, कारण मी भिंतीच्या बाजूला बसले होते. मनात म्हटलं, वाचलो.

तो वळला आणि त्याने दोन्ही हातांनी रिकामा पेला बाबांना परत दिला. आणि पेला देताना बाहीतून थेंब पडला. टप. पांढऱ्या भाताच्या वाटीवर.

बाबा त्या थेंबाकडे बघत राहिले. मग बाहीकडे. पेला पुसून ठेवला. आई पटकन म्हणाली, "मासे गार होतायत." आम्ही जेवलो.

बघा आता, मुलीसाठी माणूस भात सोडेल, गोड सोडेल. पण मुलीसाठी कोणी स्वतःच्या आजोबांची दारू बाहीत ओतत नाही. आणि थेंबसुद्धा नको असं ज्याला डॉक्टरांनी सांगितलंय, असा आणखी एक माणूस त्या खोलीत होता. त्याला कळायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवसापासून लढाई सुरू. दादा दुकानात आला की बाबा हाक मारायचे, "दुहान, बस." समोर वाडगा. खाली भात दाबून भरलेला, वर मटण, तेही चरबीचं, नेमकं चरबीचं. आणि बाबा समोर खुर्ची ओढून बसायचे. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हातात डाव.

"बाबा, मी सकाळी जेवलोय."

"मी विचारलं का?"

वडील समोर बसलेत, आजारी आहेत, स्वतःच्या हाताने वाढलंय. कोण नाही म्हणेल? दादा खायचा. शेवटचा घोट संपेपर्यंत बाबा उठायचे नाहीत. मी स्वयंपाकघरात आईला म्हटलं, "अगं, बाबांना कळलंय. ते मुद्दाम करतायत. दादा नापास व्हावा म्हणून." आई कांद्याची पात कापत होती. म्हणाली, "माहितीये मला." आणि कापत राहिली. डोळे कांद्याने भरले असं म्हणायला पातीचा कांदा काही तेवढा झोंबत नाही.

मला वाटलं, संपलं. पण दादा, आमचा ढिम्म दादा, त्याने काय केलं सांगू? वाडगा संपवायचा, तोंड पुसायचा, "छान झालाय, बाबा" म्हणायचा, आणि ऑर्डरींचा फोन स्वतः उचलायचा. आमच्या मागची टेकडी माहितीये ना, त्या उभ्या पायऱ्या, जिथे स्कूटरसुद्धा जात नाही? वरच्या घरांना आम्ही कधी पोचवायचोच नाही. दादाने पोचवायला सुरुवात केली. हातात भरलेल्या वाडग्यांचं ताट, आणि चढ. उतरला की परत चढ. वरच्या म्हाताऱ्या इतक्या खूश, रोज मागवायला लागल्या. बाबांनी भात वाढवला, की दादा फेऱ्या वाढवायचा. कोबीवाल्या मावश्यांना तर करमणूकच झाली. "ए नवरदेवा, मुलगी वर राहते का रे?"

बाबा रोज दारात उभं राहून बघायचे. एक दिवस बघता बघता डाव ठेवला आणि म्हणाले, "बोराम, हात दे. वर जायचंय."

मी म्हटलं, "तुम्हाला झेपणार नाही." ते निघालेसुद्धा. मी त्यांचं कोपर धरलं. एक पायरी, थांब. एक पायरी, थांब. अर्ध्यात पोचलो तर दादा वरून येत होता, रिकामं ताट काखेत, घामाने निथळलेला. आम्हाला बघून तिथेच बसला. बाबा त्याच्या खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ दोघं नुसते धापा टाकत होते. एकाच सुरात. मला हसू पण येत होतं आणि रडू पण.

बाबा म्हणाले, "सोड हे."

"तुम्ही वाढा. मी चढतो."

"दुहान, हे अंग मी बनवलंय. डावाने. शीत शीत घालून. ते परत मागायला नाही बनवलं मी."

"तुम्ही कुठे मागितलंत? मी देतोय."

"मला नकोय."

आणि दादा, ज्याने जन्मात बाबांना उलट उत्तर दिलं नव्हतं, तो खाली मान घालून, अगदी अदबीने म्हणाला, "बाबा, तुमच्या दुकानात भात हवा का म्हणून विचारतात का कुणाला?"

बाबांनी गुडघ्यांवर हात टेकवले.

"नाही ना विचारत? मग मी पण नाही विचारणार."

बाबांनी बंदराकडे तोंड फिरवलं. आपण मोठ्यांसमोर फिरवतो तसं. त्यांनी पोरासमोर फिरवलं. मी दुसरीकडे बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "उठा आता. रस्सा आटेल." दादाने त्यांना पाठीवर घेतलं आणि सगळ्या पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची तीच हाक. "दुहान, बस." मी म्हटलं, झालं परत सुरू. बाबांनी वाडगा ठेवला. नितळ रस्सा, वरची चरबी काढून टाकलेली, मोड आलेल्या सोयाबीनचा ढीग आणि बिनचरबीचे चार काप. आणि मग बाजूला, छोट्या झाकणाच्या वाटीत, भात.

वेगळा.

अख्खं दुकान बघत राहिलं. एक जुनं गिऱ्हाईक चमचा हवेत धरून बसलं होतं. बाबांनी त्या वाटीच्या झाकणावर पंजा ठेवला आणि दादाचा रस्सा संपेपर्यंत काढला नाही. "उघडलंस तर याद राख," म्हणाले. "आणि ती मुलगी कोण ते बोरामला विचारतो मी नंतर."

त्यानंतर रोज तसंच. दादाला भूक लागली की बाबाच ओरडायचे, "काकडी खा, बैला." मालसुन मावशीला तर बाबांनी बाजारात जाऊन बजावलं, "याला पोळी दिलीस तर तुझी गाडी उलटी करीन." तिने कारण विचारलं. बाबांनी सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. कोबीवाल्या मावश्यांनी 'नवरदेवा' म्हणणं सोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दादा दिसला की तोंडातला घास लपवायच्या.

किमचीच्या आठवड्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला आणि चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाल्या, "हे त्याच माणसाचं आहे ना?" मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये इतक्या जोरात ओरडले की नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर उभी राहून परत ओरडले. बाजारात फोन केला, तर फोनमधून नुसता गलका. कोबी सोडून सगळ्या नाचत होत्या म्हणे.

ऑपरेशनचं काय सांगू, दिवसभर चाललं, आई आणि मी नुसत्या बसून होतो. पण दहाव्या दिवशी मी गेले तर कॉरिडॉरमध्ये दोघं चालत होते, आपापली सलाईनची काठी ढकलत. बाबांचे डोळे पांढरे झाले होते. पांढरे, अगं. मी ते पांढरे डोळे विसरलेच होते.

आणि दुकान परत उघडलं त्या दिवशीचं सांगून संपवते. भिंतीवरच्या पाटीवर बाबांच्या हातची नवी ओळ होती: भात वेगळा मिळेल. दादा आला, नेहमीच्या जागी बसला. टेबल आणि पोट यांच्यात आता एक माणूस मावेल एवढी जागा. बाबांनी वाडगा घेतला, डाव भरला, आणि थांबले. गिऱ्हाइकं खात होती, पातेलं उकळत होतं, आणि बाबा जन्मात पहिल्यांदा म्हणाले,

"भात घालू का रे?"

दादा म्हणाला, "तुमच्या दुकानात विचारून घालतात होय?"

बाबा हसायला लागले. हसता हसता पोट धरलं, "हसवू नको, टाके दुखतात," म्हणाले, तर दादानेही आपलं पोट धरलं, कारण टाके त्यालाही होते, नेमके तिथेच. मग बाबांनी भात घातला, रस्सा ओतला, काढला, परत ओतला. शीत न् शीत गरम होईपर्यंत.