पाच जहाजांचा बुधवार

उद्या कुठल्या बंदरात किती जहाजं लागणार, हे मला कोलशेतला बसून तोंडपाठ असतं. हसू नका. नवरा क्रूझवर वेटर असला की बायकोला असले धंदे शिकावेच लागतात.

त्याचं असं आहे. जहाजावरचं नेट परवडत नाही, म्हणून नेविल बंदरात उतरून धक्क्यामागच्या एका दुकानातल्या वायफायवरून फोन करतो. बंदरात एकच जहाज असलं की फोन मस्त चालतो. चार-पाच लागली की हजारो टुरिस्ट आणि सगळ्या जहाजांचा स्टाफ त्या वायफायवर तुटून पडतो. मग नेविलचं तोंड उघडंच राहतं आणि आवाज येतो कोंबडीची मान दाबल्यासारखा. कुठे किती जहाजं येणार ते नेटवर आधीच कळतं. डोंबिवलीच्या कल्पिताचा नवरा पण जहाजावर कुक आहे, ती दर महिन्याला आमच्या बायकांच्या ग्रुपवर यादी टाकते. त्यावर आम्ही आमचे दिवस आखतो. एका जहाजाच्या दिवशी मी ना बाजारात जात, ना माहेरी.

जाणार तरी कुठे म्हणा! सासूबाई, म्हणजे प्रिसिला मम्मी, दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, सगळं मीच. तासाभराच्या वर घर सोडता येत नाही. वाईट नाहीत हो त्या. पण मी दाराशी गेले रे गेले की त्यांना तहान लागते. लग्नाआधी मी नर्स होते. आता एकाच पेशंटची नर्स आहे आणि सुट्टी नाही. कधी कधी इतकं गुदमरतं की गॅलरीत उभी राहून उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकते.

नेविलने शब्द दिलेला. हे कॉन्ट्रॅक्ट शेवटचं, डिसेंबरात उतरतो, घोडबंदरला एखाद्या हॉटेलात लागतो, मम्मीला दोघं मिळून सांभाळू. त्या भरवशावर मी कळव्याच्या एका डॉक्टरांना हो म्हटलेलं. जानेवारीपासून त्यांच्या दवाखान्यात नर्सची सकाळची ड्युटी. येत्या शुक्रवारपर्यंत नक्की सांगा, तोवर जागा धरून ठेवतो, म्हणालेले.

आणि सोमवारी नेविलचा मेसेज आला. 'ऑफिस अजून सहा महिने थांब म्हणतंय. बोलू.'

बोलू! मी लगेच मोबाईल उघडला. यादी काढली. मंगळवारी जहाज समुद्रात, बुधवारी बंदरात पाच जहाजं, गुरुवारी दुसऱ्या बंदरात फक्त त्याचं एकटं. बुधवारी बोलण्यात अर्थ नव्हता, अर्धवट ऐकू आलं की आमचं हमखास भांडण होतं. मी लिहिलं, 'गुरुवारी एकच जहाज आहे. निवांत बोलू. तोवर काही ठरवू नकोस.' त्याने अंगठा पाठवला.

गुरुवारी मी मम्मींना सहालाच जेवण भरवलं. आमच्याकडे फोन आला की आधी आई बोलते आणि मग उरलेल्यात बायको. त्या दिवशी मी सांगून टाकलं, "मम्मी, आज आधी मी."

"आई मी हाय का तू?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

आठला फोन आला. चेहरा इतका स्वच्छ की त्याने दाढी करताना कापून घेतलेलं पण दिसत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं.

"नेविल, नाही म्हणून सांग त्यांना."

तो खाली बघायला लागला. "सही केली मी. काल."

"काल? मी तुला थांब म्हटलेलं ना?"

"त्यांना कालच पाहिजे होतं. पाच जहाजं होती, लुर्दस. फोन लागला नसता."

"लावून बघितलास?"

नेट बिट काही अडकलं नव्हतं, मागे माणसं चालताना दिसत होती.

"लावून तरी बघितलास का रे?"

"तू रडली असतीस," तो म्हणाला. "मग मला जमलं नसतं."

"मी इथे सडतेय, नेविल! कळतंय का तुला?"

"मला मम्मीला तसं बघवत नाही गं. तिला उचलायचं, धुवायचं... माझ्याने नाही होणार. तू नर्स आहेस. तुला जमतं."

तुला जमतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढ्यात आतून मम्मींची हाक आली, "झालं का गं? माझा पोर हाय तो!"

मनात म्हटलं, बरं झालं. जे मला सांगितलंस ते आता आईला सांग. मी फोन नेऊन त्यांच्या हातात दिला आणि पलंगाशी उभी राहिले. हललेच नाही.

"नाताळाला येशील ना रे पोरा?" मम्मींनी विचारलं.

त्याने दाढी करताना कापलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "येणार ना, मम्मी. नाताळाला येणार."

मम्मींनी स्क्रीनचा मुका घेतला. फोन ठेवल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "ऐकलंस ना? येतो तो. आता तुझे हाल सरले बघ." डोळे भरून आलेले त्यांचे. काय सांगणार होते मी त्यांना? "हो, मम्मी," म्हटलं आणि त्यांना कुशीवर वळवलं.

शुक्रवारी सकाळी मी कळव्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "अहो, निदान कारण तरी सांगा."

"घरी माणूस नाही," मी म्हटलं.