पैलीची बुडी

"आत्ता बुडी मारली नाहीत, तर दुपारच्या आत बांध जाईल, पैलीचेट्टा!" शेतसमितीचा सचिव शशिधरन ओरडला.

सगळ्यांचा चेट्टा, म्हणजे थोरला भाऊ, असलेला पैली कमरेला दोर बांधून होडीच्या काठावर नुसता बसून होता. केरळातल्या कुट्टनाडात शेतं खाडीच्या पाण्याहून खाली. दीडशे एकर भात पिवळा झाला होता, कापणीला अठरा दिवस उरले होते आणि बांधाच्या बुडाशी भोक पडून खाडी आत घुसत होती. बांधावर माती टाकायचं यंत्र उद्याशिवाय येणार नव्हतं. खाडीच्या बाजूने खाली जाऊन भोकात पेंढा-चिखलाचा बोळा कोंबायचा, एवढंच काम. पण पाण्याची ओढ अशी, की हात आत ओढला गेला तर माणूस तिथेच राहायचा. पैलीने सहा वर्षांत बुडी मारली नव्हती. आता तो त्रेसष्टचा होता.

"अहो, घरी भिंतींनासुद्धा बुड्यांच्या गोष्टी सांगता, आणि आज वाचा गेली?" बायको त्रेस्या बांधावरून म्हणाली.

"भीती वाटतेय गं."

त्रेस्या साडी खोचून होडीत उतरली आणि त्याच्याशेजारी बसली.

"आपल्या जोजीच्या जन्माच्या वेळी मी बाळंतीण होते. उत्तरेच्या बांधाखाली कोण गेलं होतं?"

"मी."

"दोर तुटला होता. वर कुणी आणलं?"

पैलीने आकाशाकडे बोट केलं.

"पंपघरापाशी अंगात ताप घेऊन उतरलात, तेव्हा?"

"त्यानंच."

"मोठ्या पुरात तीन बुड्या वाया गेल्या. मी इथेच काठावर जपमाळ ओढत होते. चौथीला?"

"चौथीला बोळा बसला."

"मग? तेव्हाचा देव आता म्हातारा होऊन घरी बसलाय?"

पैलीला हसू फुटलं. शशिधरन म्हणाला, "वहिनी, आमच्या भगवतीलाही साकडं घालू का?"

"घाल बाबा. भात काय एकट्या ख्रिस्तावांचाय?"

पैलीने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला. "येशू, मागच्यासारखंच," एवढं पुटपुटला आणि बोळा कवटाळून पाण्यात गेला.

पहिल्या खेपेला बोळा फुटून वाहून गेला. दुसऱ्या खेपेला तो खोकत, डोळे लाल करून वर आला. "खांद्यापर्यंत ओढतंय," म्हणाला, "पण जागा सापडली. मोठा द्या!"

तिसऱ्या बुडीला दोर बराच वेळ हलला नाही. त्रेस्याचे ओठ तेवढे हलत होते. मग शेताच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "थांबलं! पाणी थांबलं!" आणि पाठोपाठ पैलीचं पांढरं डोकं पाण्याबाहेर आलं.

बायाबापड्या, पोरंटोरं, सगळी पाट्या घेऊन माती टाकायला धावली. शशिधरन चहा घेऊन आला, तोवर पैली बांधावरच्या उन्हात, कमरेला गुंडाळलेल्या ओल्या मुंडूसकट गाढ झोपला होता. त्याला कुणी उठवलं नाही. पाट्यावाले त्याच्यापाशी आले की आवाज खाली आणत आणि वळसा घालून पुढे जात.