शालनचा उत्कलनांक

साहेब, माझ्या बहिणीला तुम्ही पातळ केलंत.

खाडीकाठच्या आमच्या विहिरीत कुणीतरी रसायनाचा टँकर रिकामा केला. तुम्ही मुख्य कार्यालयातल्या खुर्चीतून न उठता सूत्र लावलंत आणि कळवलंत: द्रव पाण्याहून हलका आहे, वर तरंगेल, संध्याकाळपर्यंत उडून जाईल. शालनने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग कळशी सोडली. द्रव तळाशीच होता. कळशी वर आली तेव्हा शालन कळशीत होती. द्रव झालेली, पिवळसर, कळशीच्या गळ्यापर्यंत.

मी प्रयोगशाळेत असलेच नमुने तपासतो. तिला तिथेच नेलं.

"दादा, सांडू नकोस हां," ती म्हणाली. "माझ्या लग्नात कढी सांडलीस तशी."

सहकारी पेडणेकरांनी मोजायची बाटली नेहमीप्रमाणे आधी तिच्यातल्याच थोड्या द्रवाने विसळली आणि ते विसळण बेसिनमध्ये ओतलं. नियम तसा आहे. तुमचाच.

"अहो, माझे पाय गेले ना!"

"सॉरी ताई. हाताला सवय लागलीय."

उरलेली शालन बाटलीत भरली, बूच लावलं. मोजलं. पाण्याहून जड, तेलाहून दाट. उकळते कधी ते बघायला तिने आपणहून करंगळी दिली. ती एकशे साठ अंशांना उकळली. तुम्हाला कळवलं.

तुमचा फोन आला.

"मोजण्यात चूक आहे. आमचा अंदाज सदतीस."

"अहो साहेब, मोजलंय आम्ही. डोळ्यांनी बघितलंय."

"सदतीस लिहा."

पेडणेकरांनी लिहिलं. त्याच क्षणी माझ्या हातातल्या बाटलीत बुडबुडे आले. सदतीस म्हणजे माझ्याच अंगाची ऊब. मी बाटली टेबलावर ठेवायला वळलो, तर टेबलही त्या आकड्यासारखं आक्रसून पट्टीएवढं झालेलं. बर्फाची पेटी काड्यापेटीएवढी. भिंती जवळ येत होत्या.

"मी सही केलीय, माझं काम झालं," म्हणत पेडणेकर दाराच्या फटीतून आडवे होऊन निघून गेले. फट मिटली.

आता भिंती माझ्या कोपरांना टेकल्यात. बाटली ठेवायला तळहाताशिवाय जागा नाही.

"किती गरम हात रे तुझा," शालन म्हणतेय. "लहानपणी थंडीत असायचा तस्सा."

मी तिला या हातातून त्या हातात घेतोय. बूच थडथडतंय. फोन खांद्याने कानाशी दाबलाय आणि पलीकडे तुमचा श्वास ऐकू येतोय मला.

खरा आकडा किती, साहेब? तुम्ही बोला, म्हणजे ती उकळायची थांबेल. ती अर्धीच उरलीय.